साठ वजा चाळीस बरोबर पंचेचाळीस

केडगावात आजवर चाळीसच्या वर असताना कुणीही पडलेलं नाही. गुडघा सोलवटलेला असो, इंडिकेटर वायरीला लोंबत असो, नाहीतर पुढची रिम आउट होऊन गाडी खेकड्याच्या चालीवर आलेली असो. भोवती जमलेल्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं. “नाही ओ, चाळीसवरच होतो.” समोरून आलेलाही चाळीसवरच असतो. दोघंही आपापल्या बाजूने, दोघांनीही हॉर्न दिलेला, दोघांचंही लक्ष रस्त्यावर. मग एवढा आवाज कसला झाला, हे पलीकडच्या टपरीवाल्याला अजून उमगलेलं नाही. तो बिचारा दर वेळी उतू जाणारं पातेलं खाली ठेवतो आणि पाण्याची बाटली घेऊन पळतो.

हे केडगाव म्हणजे नगरचं. (आता अहिल्यानगर, पण तोंडाला वळण पडायला वेळ लागतो.) पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव वेगळं, ते पुणे जिल्ह्यात, दौंडच्या अलीकडे. तिथल्या स्टेशनात उतरून ‘देवीच्या मंदिरापाशी उभा आहे’ असा फोन करायच्या तयारीत असलेले पाहुणे आम्हाला नवे नाहीत. आमचं केडगाव पुण्याहून रस्त्याने येताना लागतं. कामरगावचा घाट उतरून आलेले ट्रक, बायपासच्या चौकातून नेप्तीच्या मार्केटला वळणारे कांद्याचे टेम्पो, रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या बाया, पोरांनी भरलेली शाळेची रिक्षा, सगळी वरात एकाच डांबरावर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच पुणे–नगर रस्त्यावर. तेव्हापासून या रस्त्यावर एकच हिशेब चालतो: किती वेळात पोचलो? “दोन तासांत आलो” म्हणणाऱ्याला चहा मिळतो, “पावणेदोन” म्हणणाऱ्याला चहाबरोबर मान मिळतो. येताना अंगात काय घेऊन आला, हे कुणी विचारत नाही.

ते विचारायला खरं तर आमच्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात नाही. केडगावातून शहराकडे निघालं की दौंड रस्त्यापाशी कायनेटिक चौक लागतो. फिरोदियांच्या कारखान्यावरून पडलेलं नाव. संध्याकाळी सहाला या चौकाची गती शून्य असते, तो भाग वेगळा. या कारखान्याने १९७२ साली लुना काढली. पन्नास सीसी, पायडल असलेली, चढ आला की बसणाऱ्यानेच पाय मारून तिला मदत करायची. लुनावरून पडलेला माणूस उठून आधी लुनाला उठवायचा, मग पिशवीतले टोमॅटो मोजायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःकडे बघायचा. म्हणून या लेखापुरतं मी लुना हेच एकक धरलं आहे. लुना, तिच्यावर एक मास्तर, मागे बाई, मध्ये पोरगं, पायापाशी दळणाचा डबा. सगळं मिळून दोनशे किलो आणि वेग ताशी तीस किलोमीटर. एवढ्या ऐवजात जी गतिज ऊर्जा असते ती एक लुना. ज्यूलमध्ये सांगायचं तर सात हजारांच्या आसपास, पण ज्यूल या गृहस्थांना केडगावात कुणी ओळखत नाही, उधारीही देणार नाही.

आता तेच दोनशे किलो साठवर न्या. वेग दुप्पट, म्हणजे दोन लुना, असं मन पटकन सांगतं. उत्तर आहे चार. नव्वदवर नऊ. एकशेवीसवर सोळा. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, गुमान होते. वेग मात्र वर्ग होऊन येतो. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात हे स्वच्छ छापलेलं आहे. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं, दोन गुणांचं उदाहरण सोडवलं आणि शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला मारून मोठ्या भावाच्या गाडीवर फुल्ल स्पीडने घरी आलो.

सोळा लुना एका ओळीत अंगावर येताना दिसल्या तर आजीबाईसुद्धा रस्ता ओलांडायची थांबेल. एकशेवीसने एकच मोटरसायकल येताना दिसली की तीच आजी नातवाला म्हणते, “चल रे, एकच तर आहे, लांब आहे अजून.”

माझा एक भाचा आहे. वय वर्षं एकवीस, गाडी दीडशे सीसी. तो परवा सांगत होता, “मामा, रात्री बायपासला मोकळा रोड होता. शंभर गेलो फक्त.”

“फक्त?”

“साठवर तर रोजच असतो ना. वर चाळीसच टाकले. तुम्ही लई लोड घेता राव.”

साठवर चार लुना, शंभरवर अकरा. पोराने चाळीस टाकले नव्हते, सात लुना टाकल्या होत्या. सात मास्तर, सात बाया, सात दळणाचे डबे. पण स्पीडोमीटरवर हे कुठे दिसतं? काट्याच्या खाली वीस, चाळीस, साठ, ऐंशी असे आकडे सारख्या अंतरावर बसवलेले असतात. ऊर्जेप्रमाणे आकडे बसवायचे ठरवले, तर वीस ते चाळीसमध्ये जेवढी जागा, तिच्या तिप्पट जागा ऐंशी ते शंभरमध्ये लागेल. अशी तबकडी गाडीवर बसवली तर ती हँडलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल आणि मग निदान तिच्या रुंदीमुळे तरी गाडी हळू चालवावी लागेल.

भाच्याला तरी का दोष द्या? हा वर्ग मोठमोठ्यांच्या गळी लवकर उतरला नव्हता. युरोपात देकार्तच्या शिष्यांचं म्हणणं असं, की चालत्या वस्तूतला जोर वजन गुणिले वेग, विषय संपला. १६८६ साली लाइबनिट्सने मध्येच हात वर करून सांगितलं, की नाही, वेगाचा वर्ग घ्या. मग जे भांडण जुंपलं ते पुढे दोन-तीन पिढ्या चाललं. आमच्याकडे बांधावरून चालतं तसंच, फक्त लॅटिनमध्ये. शेवटी ग्राफेसांडे नावाच्या डच प्राध्यापकाने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेल्या गोळ्याने चौपट माती दाबली. एमिली दु शातले या फ्रेंच बाईंनी १७४० साली आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू घेतली, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या सचिवांनी त्यांच्याविरुद्ध छापील पत्र काढलं. बाईंनीही छापील उत्तर दिलं, आणि ते असं दिलं की सचिवांनी पुढे तो विषय वाढवला नाही.

आमच्याकडे हा प्रयोग दर पावसाळ्यात होतो. काळी माती भिजून लोण्यासारखी झालेली असते आणि रस्त्याकडेच्या शेतात कुणी ना कुणी गाडीसकट उतरतंच. फक्त पितळी गोळ्याऐवजी भाचे असतात, आणि खड्ड्याची खोली मोजायच्या ऐवजी शेताचा मालक मोडलेल्या पिकाची भरपाई मोजतो.

पण वर्गाची खरी गंमत वेग वाढवताना कळत नाही, ब्रेक मारताना कळते. समजा, दोन मोटरसायकली शेजारी शेजारी चालल्या आहेत. एक चाळीसवर, एक साठवर, आणि नेमक्या एका क्षणाला बरोबरीत आल्या. त्याच क्षणी केडगावचं एक कुत्रं रस्त्यात येतं. केडगावचं कुत्रं म्हणजे अर्ध्या रस्त्यात येऊन विचार बदलणारं. दोघांनी एकाच जागी, एकाच जोराने ब्रेक दाबले. रस्ता कोरडा, टायर बरे. चाळीसवाला नऊ-दहा मीटरमध्ये थांबला, कुत्र्याच्या नाकासमोर. आता त्या जागेवरून जाताना साठवाल्याचा वेग किती असेल?

हा प्रश्न मी पारावर टाकून पाहिला आहे. सगळ्यांचं उत्तर वीस. साठातून चाळीस गेले, वीस राहिले, यात विचारायचं काय? आणि वीस म्हणजे काहीच नाही, तेवढ्या वेगाने तर दूधवाल्याची सायकल जाते.

खरं उत्तर पंचेचाळीस. ब्रेक वेग खात नाही, ऊर्जा खातो, आणि सारख्या अंतरात सारखीच खातो. चाळीसवाल्याकडे जेवढी होती तेवढी सगळी त्या नऊ-दहा मीटरमध्ये संपली. साठवाल्याच्या खात्यातूनही तेवढीच वळती झाली, पण त्याची मुद्दल मोठी. साठाचा वर्ग छत्तीसशे, त्यातून चाळीसचा वर्ग सोळाशे गेले, दोन हजार उरले, त्याचं वर्गमूळ पंचेचाळीसला जरासं कमी. म्हणजे पहिला गडी पाय टेकून कुत्र्याला शिव्या घालतोय, तेव्हा दुसरा त्याच जागेवरून पंचेचाळीसने निघालेला असतो. आणि हे दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबला असं धरून. प्रत्यक्षात कुत्रं दिसणं, ‘अरे’ म्हणणं आणि ब्रेकवर बोटं आवळणं यात एक सेकंद जातो. त्या सेकंदात चाळीसवाला अकरा मीटर सरकतो, साठवाला जवळजवळ सतरा. तो सेकंद हिशेबात घेतला तर पहिला जिथे थांबतो, तिथून दुसरा जवळजवळ पंचावन्नने जातो. साठातून चाळीस गेले, पंचावन्न राहिले. असं गणित पोराने घरी आणलं तर आपण शिकवणी बदलू.

ऐंशी वजा साठ करून पाहिले तर त्रेपन्न येतात. शंभर वजा ऐंशी केले तर साठ, अगदी काटेकोर साठ, दशांशसुद्धा नाही. हे मी एका गवंड्याला सांगत होतो. केडगावात नवी बांधकामं कायम चालू असतात, त्यातल्या एका प्लॉटवर तो पायाची आखणी करत होता. एका बाजूने तीन फूट, दुसऱ्या बाजूने चार फूट, दोरी तिरपी धरली आणि पाच फूट भरली की कोपरा गुण्यात. त्याने खुणेला खिळा ठोकला, दोरीला एक पीळ दिला आणि मान वर न करता म्हणाला, “सहा, आठ, दहा. मग बसणारच की. आम्ही मोठ्या प्लॉटला तेच धरतो.” पायथागोरस, मोटरसायकल आणि पाया या तिघांचं नातं त्याने खिळा ठोकता ठोकता लावून टाकलं. पाराला अजून वीसच वाटतात.

आता यावर कुणी म्हणेल, ऊर्जा लागते ती लागू दे, वेळ तर वाचतो? चला, तोही हिशेब करू. पुणे–नगर साधारण एकशेवीस किलोमीटर. साठने दोन तास. ऐंशीने दीड तास. अर्धा तास वाचला आणि अंगात तीन लुना वाढल्या. शंभरने गेलं तर आणखी अठरा मिनिटं वाचली, त्यासाठी चार लुना. एकशेवीसने गेलं तर आणखी बाराच मिनिटं, त्यांच्यासाठी पाच लुना. माल कमी कमी आणि भाव चढता. नेप्तीला कांद्याचा भाव निदान पडतो तरी. आणि एवढी महागामोलाची बारा मिनिटं घेऊन माणूस घरी येतो, बूट काढतो, सोफ्यावर आडवा होतो आणि दुसऱ्या कुणीतरी एकशेवीसने गाडी चालवतानाची रील बघत बसतो. गावातल्या गावात तर याहून मजा. केडगाव ते माळीवाडा पाच किलोमीटर धरा. चाळीसऐवजी साठने हाणली तर अडीच मिनिटं वाचतात, आणि ती सक्कर चौकाच्या गर्दीत मागून चाळीसने आलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून खर्च करावी लागतात. तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही आकाशाकडे बघता.

ऊर्जा ऊर्जा म्हणून मी घाबरवतोय, पण तिचा आकडा दिसायला किती किरकोळ असतो पाहा. सोळा टन भरलेला ट्रक साठने येतोय. तीनशेवीस लुना. रस्त्यावरच्या कुणाच्याही छातीत धस्स होईल. त्या सगळ्या ऊर्जेच्या अन्नातल्या कॅलरी केल्या तर पाचशे तीसच्या आसपास भरतात, म्हणजे ज्वारीच्या दोन जाड भाकऱ्या. एवढा ट्रक, एवढी धूळ, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’, आणि सगळं मिळून दोन भाकऱ्या! लुनाच्या वाट्याला तर पापुद्र्याचा तुकडासुद्धा येत नाही. फरक एवढाच, की त्या दोन भाकऱ्या खाऊन माणूस सावकाश अर्धा दिवस कांदे काढतो, आणि दुभाजक त्यांचा हिशेब सेकंदाच्या दहाव्या हिश्शात रोख मागतो. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांतून जो जळका वास येतो, तो ब्रेकच्या ड्रममध्ये करपलेल्या भाकरीचाच म्हणायचा. तो वास आला तर बरं. नाही आला, तर भाकरी अजून ट्रकच्या अंगात आहे आणि ट्रक तुमच्या मागे आहे.

दुसरं माप उंचीचं. साठने भिंतीवर आपटणं आणि चौदा मीटरवरून खाली पडणं, दोन्हींत ऊर्जा तेवढीच. चौदा मीटर म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. त्या टाकीवर पोरगं चढलं तर खालून आई अख्खी सोसायटी गोळा करते. तीच आई दुपारी गाडीची किल्ली देऊन सांगते, “पळ, दुकान बंद व्हायच्या आत कोथिंबीर घेऊन ये, पटकन.”

नगरकरांना तरी हे नवं असायला नको. हे रणगाड्यांचं शहर. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे, आणि सरावाला के. के. रेंज. घरातल्या खिडकीची काच मधूनच थरथरली तर नगरी माणूस भूकंप म्हणत नाही, “रेंजवर चाललंय” म्हणतो आणि पेपरचं पान उलटतो. रणगाड्याच्या तोफेतून चिलखत भेदायला जो एक प्रकारचा बाण सोडतात, त्याच्यात दारू नसते. नुसता जड धातूचा दांडका. चार किलोचा धरा आणि वेग सेकंदाला दीड किलोमीटर धरा, तर त्याची ऊर्जा आपल्या सोळा टनी, साठने येणाऱ्या ट्रकच्या दुप्पट भरते. चार किलो! चार किलो कांदे हातात घेऊन आमच्याकडे माणूस एसटी पकडायला पळतो. वजनाने जे होत नाही ते वेगाच्या वर्गाने होतं, हे फौजेला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते हा उद्योग गावाबाहेर मोकळ्या माळावर, आसपासच्या गावांना आधी कळवून करतात. आम्ही न कळवता भाजीबाजारातून करतो.

वेगाच्या वर्गाशी लढायला गावाने शोधलेलं एकमेव हत्यार म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदावर तो मोठा देखणा असतो: ३.७ मीटर रुंद, मध्ये दहा सेंटिमीटर उंच, सतरा मीटर त्रिज्येची मऊ गोलाई. पंचवीसच्या वेगाने या, अलगद पार व्हा. आमच्या गल्लीतला रात्रीत जन्मतो. कुणीतरी पडतो, बैठक होते, शेजारी चाललेल्या कामावरची उरलेली खडी-डांबर ओतली जाते आणि सकाळी फूटभर रुंद, वीतभर उंच असा एक बांध रस्त्यात आडवा झोपलेला असतो. पांढरे पट्टे नंतर. नंतर म्हणजे कधी, ते बैठकीत ठरलेलं नसतं. त्याला तुम्ही पंचविसाने या, नाहीतर पाचाने. तो मणक्यांची ओळखपरेड घेणारच. कडेला पाणी जायला मात्र दोन फुटांची फट ठेवलेली असते. तिथे सकाळी नऊला उभं राहावं. चारचाकीवाले बांधावरून कण्हत जातात आणि दुचाकीवाले त्या फटीतून, गटाराच्या काठाकाठाने, हँडल जराही न हलवता, चाळीसने सुळकन निघून जातात. हे मात्र खरंखुरं चाळीस असतं.

भाच्याला मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. लुना, कुत्रं, गवंडी, भाकरी. त्याने मोबाईल बाजूला ठेवून ऐकलं, तेव्हाच मला संशय आला होता.

“म्हणजे मामा, मी आता साठच्या जागी पन्नासवर चालवली तर?”

“छत्तीसशेचे पंचवीसशे. ऊर्जा तीस टक्क्यांनी कमी.”

“दहाच कमी केले तर तीस टक्के ऑफ?”

“तीसपेक्षा जरा जास्तच. कापड बाजारात दिवाळीलासुद्धा एवढी सूट कुणी देत नाही.”

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग किल्ली उचलली, आरशात केस नीट केले आणि दारातून विचारलं,

“ऑफर कधीपर्यंत आहे?”